सिंगल बेल, डबल बेल : प्रोस्टेटच्या डॉक्टरांना खुलं पत्र

प्रति,
महाराष्ट्रातील सर्व मूत्ररोगतज्ज्ञ आणि कर्करोगतज्ज्ञ,
तालुक्याच्या गावी आठवड्यातून एकदा ओपीडीला येणाऱ्यांपासून शहरातल्या मोठ्या रुग्णालयांत बसणाऱ्यांपर्यंत,

सप्रेम नमस्कार.

२०२० च्या एप्रिलमध्ये आमच्याकडच्या मेडिकलमधून बाबांच्या प्रोस्टेटच्या कर्करोगावरची बायकॅल्युटामाइडची गोळी गायब झाली. लॉकडाउन होता, शहरातून येणारा माल थांबला होता. बाबांची गोळी दोन महिन्यांहून जास्त काळ बंद राहिली आणि मी रोज रात्री त्या रिकाम्या पाकिटाकडे बघून धास्तावत होते. जूनमध्ये कसंबसं रक्त दिलं. मार्चमध्ये ३८ असलेला पीएसए, म्हणजे आजार किती जोरात आहे हे सांगणारा रक्तातला आकडा, १४ वर आला होता. लॅबवाल्याची चूक असेल म्हणून दुसरीकडे करून बघितला, तर तिथेही १४ च्या आतबाहेर. फोनवर डॉक्टर म्हणाले, "छान आहे की. आता गोळी मिळतेय ना? सुरू करा, परत खंड पडू देऊ नका." आम्ही इमानदारीत सुरू केली. सप्टेंबरात पीएसए ४१.

बाबा तेव्हा सहज म्हणाले होते, "गोळी नव्हती तेव्हाच बरं होतं की गं." मी हसण्यावारी नेलं. मी बारावीला जीवशास्त्र शिकवते. हार्मोन आणि रिसेप्टर फळ्यावर काढून दाखवायला मला पुस्तक उघडावं लागत नाही. तरी हसण्यावारी नेलं, आणि ते मला अजून बोचतं.

ज्या रुग्णालयात आम्ही जात होतो त्याचं नाव मी लिहिणार नाही. तिथल्या कुणी हयगय केली असंही म्हणणार नाही. दीडशे जणांच्या रांगेत एका फाइलला तीन-चार मिनिटं मिळतात, हे मी बाकावर बसून पाहिलंय. पण त्या तीन-चार मिनिटांत, गोळी बंद असताना पीएसए उतरला कसा, हा एक प्रश्न विचारायचा राहिला, आणि तो बऱ्याच ठिकाणी राहत असावा असं मला इतर कुटुंबांशी बोलून वाटतं. म्हणून हे पत्र.

बाबा एकतीस वर्षं एसटीत कंडक्टर होते, कराड आगारात. त्यांना मी हे सगळं नंतर समजावलं ते घंटीच्या भाषेत, आणि तुम्हाला ठाऊक असलेलीच गोष्ट तशीच सांगते, कारण हे पत्र रुग्णांच्या घरचेही वाचतील. एसटीत घंटीचे दोनच शब्द. सिंगल बेल म्हणजे थांब, डबल बेल म्हणजे चल. प्रोस्टेटच्या पेशीत अँड्रोजेन रिसेप्टर, म्हणजे पुरुषी हार्मोन ओळखणारं प्रथिन, हा ड्रायव्हर. टेस्टोस्टेरॉन, किंवा त्यापासून बनणारं अधिक जोरकस डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन, त्याला येऊन चिकटलं की झाली डबल बेल. रिसेप्टर पेशीच्या केंद्रकात जातो, वाढीची जनुकं चालू करतो, आणि त्या ओघात पीएसएचं जनुकही चालू होतं. आपण पीएसए मोजतो तेव्हा खरं तर ड्रायव्हरचा पाय ॲक्सिलरेटरवर किती दाबलेला आहे तेच मोजत असतो.

वृषणं काढणं किंवा टेस्टोस्टेरॉन खाली ठेवणारं तीन महिन्यांचं इंजेक्शन देणं म्हणजे कंडक्टरलाच गाडीतून उतरवणं. ही युक्ती जुनी. शिकागोत चार्ल्स हगिन्स आणि क्लॅरेन्स हॉजेस यांनी १९४१ मध्ये ती दाखवून दिली आणि हगिन्सना त्यासाठी १९६६ मध्ये नोबेल मिळालं. पण मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथी थोडंबहुत अँड्रोजेन बनवतच राहतात, पुढे गाठ स्वतःही बनवायला शिकते. म्हणून वरून फ्लुटामाइड, बायकॅल्युटामाइड यांसारख्या गोळ्या. त्या जाऊन रिसेप्टरच्या नेमक्या त्याच खाचेत बसतात आणि तिथे सिंगल बेल मारून ठेवतात.

आता ड्रायव्हरचा कानच बदलला तर?

याचा पहिला पुरावा एका पन्नास वर्षांच्या माणसाच्या लसिकाग्रंथीतून आला. अमेरिकेत बफेलोला १९७७ मध्ये त्याच्या गाठीतल्या पेशी वाढवल्या गेल्या, त्या एलएनकॅप नावाने आजही जगभरच्या प्रयोगशाळांत जिवंत आहेत. या पेशींचं वागणं विचित्र होतं. ज्या फ्लुटामाइडने त्या थांबायला हव्यात, त्यानेच त्या जोमाने वाढत. प्रोजेस्टेरॉन दिलं तरी वाढत, इस्ट्रोजेन दिलं तरी वाढत. १९९० मध्ये रॉटरडॅमच्या शास्त्रज्ञांनी कोडं सोडवलं. रिसेप्टरच्या नऊशेवीस-एक अमिनो आम्लांपैकी एकच बदललं होतं, थ्रिओनिनच्या जागी ॲलानिन आलं होतं. डीएनएच्या भाषेत एका अक्षराचा फरक. खाच जराशी सैल झाली आणि सिंगल बेल ड्रायव्हरला डबल ऐकू येऊ लागली.

(जाता जाता घरच्यांसाठी. जुन्या शोधनिबंधांत हाच बदल टी८७७ए म्हणून लिहिलेला असतो, हल्लीच्या रिपोर्टमध्ये टी८७८ए म्हणून. टी म्हणजे थ्रिओनिन, ए म्हणजे ॲलानिन, मधला आकडा जागेचा. मोजायची पट्टी एका घराने सरकली, एवढंच. इंटरनेटवर रात्री दोन वाजता हे दोन वेगळे आजार समजून रडू नका. मी रडलेय.)

अजून एक गोष्ट वर्गात मुलांना सांगितली की मागच्या बाकावरचीही वर बघतात. हे जनुक एक्स गुणसूत्रावर आहे, आणि पुरुषाकडे एक्स एकच. दुसरी शहाणी प्रत शिल्लक नसते. एका पेशीत एकदा बदल झाला की त्या पेशीपुरता तोच कायदा.

मग प्रत्येक औषधाचा आपापला बदल सापडत गेला. ट्रिप्टोफॅन ७४२ बदललं, डब्ल्यू७४२सी किंवा डब्ल्यू७४२एल झालं, की बायकॅल्युटामाइड उलटं चालतं. हे जपानी शास्त्रज्ञांनी २००३ मध्ये पेशींवर बायकॅल्युटामाइडचा मारा करकरून दाखवलं. फेनिलॲलानिन ८७७ चं ल्युसिन झालं, म्हणजे एफ८७७एल, की एन्झाल्युटामाइड आणि अपाल्युटामाइड या नव्या गोळ्याही पलटू शकतात. हे २०१३ मध्ये एकाच वेळी तीन गटांनी मांडलं. अपाल्युटामाइडच्या एका सुरुवातीच्या चाचणीत २९ पैकी ३ रुग्णांच्या रक्तात तो बदल दिसला, म्हणजे प्रयोगशाळेत जेवढा ठळक तेवढा माणसांत नाही. आणि एल७०२एच हा सगळ्यांत खट्याळ. तो झाला की रिसेप्टर शरीरातल्या कॉर्टिसोललाही ओ देतो आणि प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडच्या गोळीलाही. आता आठवा, शरीरातलं अँड्रोजेन बनणंच रोखणाऱ्या ॲबिराटेरॉनबरोबर आपण रोज कोणती गोळी देतो? प्रेडनिसोलोन. ती द्यावीच लागते, नाहीतर रक्तदाब चढतो आणि पोटॅशियम उतरतं. पण काही गाठींसाठी तीच शिदोरी ठरते.

यातली खरी गंमत, तिला गंमत म्हणायला जीभ रेटत नाही तरी, अशी की एका गोळीला पलटवणारा बदल दुसऱ्या गोळीपुढे बहुधा नांगी टाकतो. टी८७८ए असलेला रिसेप्टर फ्लुटामाइडवर माजतो, पण बायकॅल्युटामाइडने दबतो. डब्ल्यू७४२ चं नेमकं उलट. फिनलंडमध्ये शोधलं गेलेलं डॅरोल्युटामाइड प्रयोगशाळेत हे दोन्ही बदल दाबतं आणि एफ८७७एलही. म्हणजे कोणता बदल झालाय हे कळणं ही निव्वळ शास्त्रीय हौस नाही.

हे बदल आजाराच्या सुरुवातीला जवळजवळ नसतातच. उपचार न झालेल्या प्राथमिक गाठींत ते क्वचितच सापडतात. हार्मोन उपचारांना न जुमानणाऱ्या, पसरलेल्या आजारात मात्र चित्र पार बदलतं. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या १५० रुग्णांच्या अभ्यासात ६२.७ टक्क्यांच्या गाठींत अँड्रोजेन रिसेप्टरच्या जनुकात काही ना काही घडलेलं होतं. त्यात खाचेतले बदल थोडे, जनुकाच्या प्रती वाढणं जास्त. प्रती वाढणं म्हणजे एका गाडीत वीस ड्रायव्हर बसवण्यासारखं, कुणा ना कुणाला तरी बारीकशी किणकिण ऐकू जातेच. शिवाय एआर-व्ही७ नावाचा तोकडा रिसेप्टर असतो, त्याला खाचच नसते. घंटीची दोरीच कापलेली, गाडी आपली चालूच. २०१४ च्या जॉन्स हॉपकिन्समधल्या अभ्यासात रक्तातल्या कर्कपेशींत एआर-व्ही७ सापडलेल्या एकाही रुग्णाचा पीएसए एन्झाल्युटामाइड किंवा ॲबिराटेरॉनने पुरेसा उतरला नाही.

आपणच दिलेल्या औषधाच्या चाळणीतून या पेशी निवडून आलेल्या असतात. म्हणून कोणती चाळणी, कधी, किती दिवस लावली हे कागदावर असायला हवं. बाबांच्या फाइलमध्ये पाच वर्षांत चार डॉक्टरांची अक्षरं होती. बायकॅल्युटामाइड नेमकं कुठल्या महिन्यात सुरू झालं हे मला शेवटी मेडिकलच्या बिलांवरून काढावं लागलं.

आता त्या एप्रिलकडे परत येते. गोळी बंद केल्यावर पीएसए उतरणं याला तुमच्या पुस्तकांत नाव आहे, अँटिअँड्रोजेन विथड्रॉवल. न्यूयॉर्कमध्ये डॉ. केली आणि डॉ. शेर यांनी ते १९९३ मध्ये फ्लुटामाइडच्या रुग्णांत नोंदवलं. पुढे अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीत २१० रुग्णांची गोळी ठरवून बंद केली, तर त्यातल्या २१ टक्क्यांचा पीएसए निम्म्याहून खाली आला. पाचातला एक. टिकलं ते काही महिनेच, हे खरं. पण काही महिने, एकही पैसा खर्च न करता, एकही साइड इफेक्ट न होता! बायकॅल्युटामाइड शरीरातून हळू निघतं, म्हणून सहा आठवडे थांबून बघायचं असतं. आमच्या घरी लॉकडाउनने ते नकळत केलं. मग आम्ही, सर्वांच्या संमतीने, ते मोडलं.

मी बाबांना घंटीचा हिशोब सांगितला तेव्हा ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "असल्या ड्रायव्हरला डेपोत परत पाठवायचा असतो. त्याला आणखी घंट्या मारत बसायचं नसतं."

तर पहिली विनंती हीच. बायकॅल्युटामाइडवर असलेल्या माणसाचा पीएसए चढू लागला की नवं औषध लिहिण्याआधी, परिस्थिती तेवढी वेळ देत असेल तर, जुनी गोळी थांबवून बघा. आणि थांबवताना घरच्यांना कारण सांगा. "आता ही लागू पडत नाही" एवढंच म्हटलं तर घरातलं कुणीतरी हळहळत उरलेलं पाकीट संपवतं, औषध वाया कसं घालवायचं म्हणून. आमच्या घरातही तसंच झालं असतं. "ही गोळी आता आजाराला मदत करत असू शकते" असं म्हणा. आम्हाला कळतं. आम्ही घाबरू, पण पाकीट टाकून देऊ.

इथे वाचणाऱ्या रुग्णांनाही सांगते. हे पत्र वाचून कुणी मनाने काही बंद करायचं नाही. टेस्टोस्टेरॉन खाली ठेवणारं इंजेक्शन या काळातही चालूच ठेवायचं असतं. आणि प्रेडनिसोलोन अचानक थांबवलं तर जिवावर बेतू शकतं, कारण शरीराने स्वतःचं कॉर्टिसोल बनवणं कमी केलेलं असतं.

दुसरी गोष्ट गोळ्यांच्या अदलाबदलीची. एन्झाल्युटामाइड चालेना की ॲबिराटेरॉन, ॲबिराटेरॉन चालेना की एन्झाल्युटामाइड, असा पत्ते पिसल्यासारखा क्रम मी किती तरी फाइलींत पाहिला. कॅनडातल्या २०२ रुग्णांच्या अभ्यासात, २०१९ मध्ये, आधी ॲबिराटेरॉन मग एन्झाल्युटामाइड दिलेल्यांपैकी ३६ टक्क्यांना दुसऱ्या गोळीचा गुण आला. उलट क्रमाने दिलेल्यांपैकी फक्त ४ टक्क्यांना. शंभरातल्या चौघांसाठी उरलेले शहाण्णव जण महिनोन्‌महिने औषध घेतात. त्याच वर्षीच्या युरोपातल्या एका चाचणीत डोसिटॅक्सेलची केमो आणि यातली एक गोळी होऊन गेलेल्या २५५ रुग्णांत, दुसऱ्या गोळीऐवजी कॅबाझिटॅक्सेल हे केमोचं औषध दिलं तर आजार स्कॅनवर वाढायला मधल्या रुग्णाला ३.७ ऐवजी ८ महिने लागले. केमोचं नाव काढलं की घरचे नको म्हणतात, हे तुमचं म्हणणं मला मान्य. मीही म्हणाले होते. पण हे दोन आकडे तेव्हा माझ्यासमोर ठेवले असते तर कदाचित नसते म्हणाले.

पैशाचं मी टाळणार नाही. एन्झाल्युटामाइडचा पेटंट अर्ज भारतीय पेटंट कार्यालयाने २०१६ मध्ये फेटाळला, त्यामुळे आपल्याकडे देशी कंपन्यांच्या गोळ्या मिळतात. ते नसतं तर आमच्यासारख्यांनी नावही काढलं नसतं. ॲबिराटेरॉनचं तर आणखी एक गुपित आहे, पोटात अन्न असलं की ते कितीतरी जास्त शोषलं जातं. २०१८ मध्ये शिकागोच्या डॉक्टरांनी ७२ रुग्णांत उपाशीपोटी १००० मिलिग्रॅमऐवजी हलक्या न्याहारीबरोबर २५० मिलिग्रॅम देऊन पाहिलं, तर पीएसएवरचा परिणाम कमी पडला नाही. तुमच्यातले काही जण हे आधीच करतात, त्यांना माझा नमस्कार. (न्याहारी हलकीच हवी. मिसळ नव्हे.)

तिसरं, तपासणी. इथे मला प्रामाणिक राहायला हवं, नाहीतर तुम्ही पत्र बाजूला ठेवाल आणि बरोबर कराल. अँड्रोजेन रिसेप्टरच्या बदलावरून औषध ठरवा असं आजची मार्गदर्शक तत्त्वं सरसकट सांगत नाहीत. ती सांगतात बीआरसीएसारखी डीएनए-दुरुस्तीची जनुकं बघायला, कारण तिथे ओलापारिबसारखं औषध हाताशी आहे. पण ज्या रुग्णाचं रक्त किंवा गाठ त्यासाठी पाठवतच आहात, त्या तपासणीच्या पॅनेलमध्ये, म्हणजे जनुकांच्या यादीत, अँड्रोजेन रिसेप्टरचं जनुकही बहुधा असतं. पैसे भरलेलेच असतात. रिपोर्टच्या पहिल्या पानावर "बीआरसीए निगेटिव्ह" दिसलं की फाइल मिटते, आणि आतल्या पानावरचं एल७०२एच तिथेच राहतं. ते पान उलटा, एवढंच म्हणते. पॅनेल सांगताना हे जनुक त्यात आहे ना, रक्ताच्या नमुन्यातून त्याच्या प्रती मोजतात का, हेही लॅबला विचारा. २०१५ मध्ये युरोपातल्या संशोधकांनी ९७ रुग्णांच्या रक्तातल्या डीएनएवरून दाखवलं की ज्यांच्यात हे बदल किंवा जादा प्रती होत्या त्यांना ॲबिराटेरॉनचा गुण येण्याची शक्यता कितीतरी कमी होती. सुई एकदाच टोचायची असते, हाडातून तुकडा काढायचा नसतो.

आणि औषधं वाटेत आहेत. विशेषतः ज्यांच्या रिसेप्टरची खाच बदललीय अशांसाठी, शरीरातलं स्टेरॉइड बनणं मुळापासून, सीवायपी११ए१ या विकरापाशी बंद करणारी एक गोळी मोठ्या चाचण्यांत आहे. रिसेप्टर दाबण्याऐवजी पेशीच्याच कचरापेटीत ढकलून नष्ट करणारी औषधंही आहेत, आणि त्यांतल्या पहिल्याला टी८७८ए जमलं पण एल७०२एच जमलं नाही, म्हणून पुढची पिढी बनवावी लागली. उद्या यातलं काही आपल्याकडे आलं तर ते कुणाला द्यायचं हे कुणाच्या रिपोर्टवरून ठरवणार? नोंद ठेवणं या राज्याला नवं नाही. मुंबईची कर्करोग नोंदणी १९६३ पासून आहे, बार्शीची ग्रामीण नोंदणी १९८७ पासून, तीही संगणक गावात पोचण्याआधी, घरोघरी फिरून. तुमच्या संघटनांनी ठरवलं तर कोणत्या गोळीनंतर कोणता बदल सापडला याची एक साधी सामायिक वही सुरू करायला किती वेळ लागेल?

बाबा गेले त्याला आता दोन वर्षं झाली. त्यांच्या गाठीत डब्ल्यू७४२ होतं की आणखी काही, हे कळायची एकच वाट होती, बायप्सीचा मेणाचा ठोकळा. तो मागायला गेले तर आधी म्हणाले दुसऱ्या इमारतीत आहे, मग म्हणाले इतकी जुनी सामग्री ठेवत नाहीत. तेव्हा शेवटचं सांगणं : बायप्सी होते त्या दिवशीच घरच्यांना ब्लॉक नंबर लिहून द्या आणि म्हणा, हा जपा, कधी तरी लागेल. आमच्याकडे तो नंबर होता. बाबांनी तिकिटांच्या जुन्या ट्रेमध्ये, बिलांच्या खाली, पावती घडी करून ठेवली होती. ती सापडली त्यांच्या तेराव्यानंतर.

आपली,
एका कंडक्टरची मुलगी
जि. सातारा